संघाची संध्याकाळची पंगत: बैलगाडीपासून भाड्याच्या बंगल्यापर्यंत



दिवाळीनंतर थंडी पडू लागली की मला एकाच प्रकारचे फोन येतात. "काकू, चिखलदऱ्याला बंगला घेतलाय दोन दिवस. सासरचे-माहेरचे मिळून पंचवीस जण आहोत. सकाळचं कसंही निभावेल, पण संध्याकाळी काय करू? सोपं सांगा, फार घाट घालावा लागणार नाही असं." मी दोन-चार पदार्थ सांगते, प्रमाण सांगते आणि फोन ठेवते. पण हा प्रश्न आजचा नाही. परक्या गावी, परक्या चुलीवर, मोठ्या गोतावळ्याला सूर्य मावळायच्या आत जेवू घालायचं, हे कोडं आपल्या बायका किमान आठशे वर्षं सोडवत आल्या आहेत. त्यांचं नाव कुठल्या शिलालेखात नाही. म्हणून आज पदार्थ थोडे आणि इतिहास जास्त.

सुरुवात घड्याळापासून करू, कारण आपल्या संध्याकाळच्या स्वयंपाकाचा खरा मालक घड्याळच. रात्रिभोजनत्याग सगळ्यांना माहीत आहे, पण तो नेमका किती वाजता सुरू होतो ते बऱ्याच जणी विसरल्या आहेत. पंडित आशाधरांचं ‘सागारधर्मामृत’ तेराव्या शतकातलं. ग्रंथावरची त्यांची स्वतःची टीका विक्रम संवत 1296 मध्ये, म्हणजे इ. स. 1239 च्या सुमारास पुरी झाली. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे की, सूर्यास्तानंतर न जेवण्याचं व्रत ज्यानं घेतलं, त्यानं दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या मुहूर्तातही जेवू नये, तो अतिचार होतो. मुहूर्त म्हणजे दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटं. सूर्य बुडताना शेवटचा घास तोंडात असला तरी चालेल, असा हिशेब नाही. ताट त्याआधी पाऊण तास उचललेलं हवं.

या व्रताला जुना शब्द ‘अनस्तमित’, म्हणजे सूर्य न मावळलेला असतानाचं जेवण. बुंदेलखंडाकडचे जैन संध्याकाळच्या जेवणाला ‘अंथऊ’ म्हणतात, तो शब्द याचाच नातू असावा असं मला वाटतं. आशाधर स्वतः बघेरवाल. त्यांचं घराणं मेवाडातल्या मांडलगडचं. घोरीच्या स्वारीनंतर गाव सोडून ते माळव्यात धारला आले आणि पुढे जवळच्याच नालछ्याला राहिले. आपल्या कारंज्याचे बघेरवालही राजस्थानातूनच इकडे आले. म्हणजे गाव सोडून परमुलखात राहिलेल्या माणसानंच आपल्याला जेवणाची वेळ सांगितली. प्रवासात हे जमत नाही, अशी सबब त्याच्यापुढे चालली नसती.

त्याच्याही आधी अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’मध्ये एक रोखठोक प्रश्न टाकून ठेवला आहे. दिवा लावला तरी अन्नात पडणारे बारीक जीव दिसणार कसे? आज मुलं म्हणतात, "आजी, ट्यूबलाइट आहे ना!" पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली ताट ठेवून बघा म्हणावं. दिव्यानं जीव दिसत नाहीत, उलट जमा होतात. हेमचंद्राचार्यांनीही बाराव्या शतकात ‘योगशास्त्रा’त रात्री अन्नातून पोटात जाणाऱ्या कीटकांची आणि त्यांनी होणाऱ्या रोगांची यादीच दिली आहे. श्वेतांबर असो वा दिगंबर, या बाबतीत दोन्हीकडे एकच सूर आहे.

आता संघ. पूर्वी यात्रेला एकटंदुकटं कुणी जात नसे. वाटेत चोर, नद्या, जंगल. म्हणून शे-दोनशे माणसांचा तांडा निघे. खर्च करणारा तो संघपती. आपल्यातली संघवी, संघई, संगई ही आडनावं त्यातूनच आली. गुजरातचा मंत्री वस्तुपाल यानं 1221 मध्ये शत्रुंजय-गिरनारला नेलेल्या संघाची वर्णनं त्या काळच्या कवींनी भरभरून केली आहेत. रथ, गाड्या, आचार्य, दानधर्म, सगळं त्यात आहे. एवढ्या लोकांची संध्याकाळची चूल कुणी आणि किती वाजता पेटवली, हे मात्र कवींना महत्त्वाचं वाटलेलं दिसत नाही. मी कॉमर्सची पदवीधर आहे, त्यामुळे मला खर्चाची बाजू आधी दिसते. संघपतीच्या नावावर पुण्य जमा झालं, पण श्रमाची नोंद कुठल्या खात्यात केली?

संघात खाण्यापिण्याची हेळसांड झाली तर काय होतं, याचा एक दाखला मात्र लिहून ठेवलेला आहे. बनारसीदासांचं ‘अर्धकथानक’ 1641 मधलं, आपल्याकडचं पहिलं आत्मचरित्र म्हणून ते ओळखलं जातं. त्यात ते सांगतात की, संवत 1661 मध्ये, म्हणजे 1604 च्या सुमारास, शाहजादा सलीमचा जवाहिऱ्या हीरानंद मुकीम यानं सम्मेदशिखरजीचा संघ काढला. बनारसीदासांचे वडील खरगसेन त्यात गेले. परतताना संघातले कितीतरी लोक आजारी पडले, काही वाटेतच वारले. खरगसेनही अंथरुणाला खिळूनच घरी आले. संघ म्हटला की आपल्याला ढोल-ताशा आठवतो. त्या काळच्या घरच्या बाईला पाणी, शिळं अन्न आणि उलटी-जुलाब आठवत असणार. गाळलेलं आणि उकळलेलं पाणी, पिठाची मर्यादा, शोधाचं जेवण हे आपल्या सासवांचं ‘खूळ’ नव्हतं. मोठ्या जमावाला परमुलखात निरोगी ठेवण्याची ती पद्धत होती. (बनारसीदासांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आग्र्यात हात रिकामा असताना ते कित्येक महिने एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवले आणि नंतर पै न् पै फेडली. व्यापारी माणूस!)

आपल्या भागात यायचं तर कारंजापासूनच सुरुवात करावी लागते. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, 1998 पर्यंत अकोल्यात होतं. पण दारव्ह्या-यवतमाळच्या माणसाला ते कधी परकं वाटलं नाही. तिथं बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशी तीन मंदिरं आहेत, भट्टारकांची गादी होती आणि पोथ्यांचं मोठं भांडार होतं. सतराव्या शतकात शीलविजय नावाचे श्वेतांबर साधू दक्षिणेच्या यात्रेवर असताना कारंज्याला थांबले. त्यांच्या ‘तीर्थमाले’त तिथल्या भोज संघवी या बघेरवाल श्रीमंताचं कौतुक आहे. साधू श्वेतांबर, यजमान दिगंबर, आणि तरी तोंडभरून स्तुती! त्यात त्याच्या धर्मनिष्ठेबरोबर दातृत्वाचंही वर्णन येतं, वाटसरूंना उसाचा रस पाजण्याचंही. मला हे फार पटतं. दमून आलेल्या माणसाला आधी पक्वान्न लागत नाही, प्यायला काहीतरी लागतं. पंचवीस माणसं गाडीतून उतरली की पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी हातात द्यावं, म्हणजे स्वयंपाकघरात डोकावणाऱ्या माना कमी होतात आणि चुलीजवळच्या बाईला अर्धा तास निवांत मिळतो.

कारंज्याच्या त्या भांडारातल्या हस्तलिखितांवरून अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे हिरालाल जैन यांनी 1932 मध्ये ‘सावयधम्मदोहा’ छापून काढला. श्रावकाचा धर्म सांगणारे अपभ्रंश दोहे. आणि 1918 मध्ये तिथंच देवचंद शहा यांनी, म्हणजे पुढच्या आचार्य समंतभद्रांनी, महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. आश्रमातल्या मुलांची पंगत रोज दिवस असताना बसायची. मोठ्या संख्येला वेळेत, साधं आणि पोटभर जेवू घालण्याचा नमुना आपल्या वऱ्हाडात शंभर वर्षांपूर्वी तयार होता.

मग आली शकुंतला. तरुण वाचक मैत्रिणींसाठी सांगते, शकुंतला म्हणजे आपली यवतमाळ-मूर्तिजापूर झुकझुक गाडी. आपला जिल्हा तेव्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जात होता, यवतमाळ हे नाव 1905 मध्ये मिळालं. त्याच्या दोन वर्षं आधी, 1903 च्या सुमारास, ही अरुंद रुळांची लाइन सुरू झाली. इंग्रज कंपनीनं ती घातली कापसासाठी. रूळ खासगी मालकीचे आणि गाडी सरकारची, असा तो विचित्र कारभार स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. ताळेबंद शिकलेल्या कुणालाही तो वाचून डोकं खाजवावंसं वाटेल. मूर्तिजापूरहून अचलपूरचा फाटा 1913 मध्ये झाला. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, तिथून अचलपूर 76. म्हणजे 189 किलोमीटरच्या एकाच लहान रुळावर आपल्या बायकांना दारव्हा, कारंजा आणि पलीकडे मुक्तागिरीचा पायथा जवळ आला. कापसाच्या गाडीनं आपली यात्रा घडवली! तिचं कोळशाचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं. ते 1994 पर्यंत धापा टाकत होतं. माझ्या लग्नानंतरची पहिली कारंजाची वारी त्याच धुरात झाली.

गाडी आली, पण गाडीनं संध्याकाळचं कोडं आणखी अवघड केलं. बैलगाडी आपल्या हातात असते. सूर्य कलला, विहीर दिसली, झाड दिसलं की सोडली. गाडी मात्र तिच्या वेळेनं चालते, आणि शकुंतला तर तिच्याही वेळेनं चालत नसे. स्टेशनवर उतरायला पाच वाजले की पुढं धर्मशाळा, खोली, सामान, चूल, आणि सूर्य तर निघालाच. म्हणून शिदोरीचं महत्त्व रेल्वेमुळे कमी झालं नाही, वाढलं. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि पाण्याचा थेंब न लागलेले रव्या-बेसनाचे लाडू. पाणी न लागलेल्या लाडवाला पिठाइतकीच मर्यादा, म्हणजे हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5, पावसाळ्यात 3. या एका नियमावर आपला सगळा प्रवासी खाऊ उभा आहे. ज्यांना हे आकडे जाचक वाटतात त्यांनी पावसाळ्यात चौथ्या दिवशीचं पीठ चाळून बघावं.

धर्मशाळा म्हणजे त्या काळचं भाड्याचं सुट्टीचं घर. 1902 मध्ये तीर्थक्षेत्र कमिटी स्थापन झाली. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरींनी 1905 मध्ये मुंबईत सी. पी. टँकला हिराबाग उभी केली. गावोगावच्या क्षेत्रांवर खोल्या बांधल्या गेल्या. दानाच्या पाट्या आजही भिंतींवर आहेत. त्या खोल्यांची रचना आठवा. एक खोली, पुढं ओसरी, कोपऱ्यात चूल किंवा चुलीची जागा. ऑफिसात पावती फाडली की गादी, घागर, पातेली, परात मिळायची. शिधा आपला, सरपण आपलं, हात आपले. आजच्या बंगल्यात काय वेगळं असतं? फक्त पावती मोबाइलवर येते.

माझ्या सासूबाई साध्या शिकलेल्या, पण बोलायला फटकळ. त्या मुक्तागिरीच्या यात्रांबद्दल म्हणायच्या, "काय वं पोरी, यात्रा माणसायची आन् चूल आपली." मुक्तागिरी तसं मध्य प्रदेशात, बैतुल जिल्ह्यात, पण वऱ्हाडी माणूस ते आपलंच धरतो. खाली धर्मशाळा, वर डोंगरात 52 मंदिरं, मध्ये धबधबा. सासूबाई सांगायच्या की पुरुष मंडळी दुपारची वर गेली की वंदना, स्तोत्र, गप्पा करत निवांत चार-साडेचारला खाली उतरायची आणि तेव्हा ताट वाढलेलं असायचं. बायका सकाळी अंधूक उजेडात घाईनं वर जाऊन यायच्या. धबधब्याजवळ बसून णमोकार म्हणणं बऱ्याच जणींच्या वाट्याला कधी आलंच नाही. त्या स्वतः पाच वेळा मुक्तागिरीला गेल्या. "दुपारचा डोंगर मी एकदाच पाह्यला," असं त्या म्हणायच्या. त्या एका वेळेस असं काय झालं होतं, म्हणून मी विचारलं. तर म्हणाल्या, "त्या खेपेले जाऊबाईनं सांगतलं, आज फक्त गोळाभात. दुसरं काही नाही. ज्याले पाहिजे त्यानं खा."

गोळाभात. मैत्रिणींनो, हा इतिहास मला सांगायचा आहे तो असल्या निर्णयांसाठी.

आपल्या वऱ्हाडाजवळ मोठ्या पंगतीचे दोन वेगवेगळे वारसे आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक रोडगे-पानग्यांचा. कणीक घट्ट भिजवायची, पानगे असतील तर पळसाच्या पानात गुंडाळायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आपल्या मारवाडी भगिनींची दाळ-बाटी त्याच घराण्यातली. भांडी कमी, चव अप्रतिम, शंभर माणसांना पुरतं, म्हणून सगळ्यांना हे सोपं वाटतं. पण आपल्यासाठी ते सोपं नाही. वांगं बहुबीज म्हणून बाद. गोवऱ्या झटकून, जीव बघून लावायच्या. पानं हिरवी, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला अडचण. आणि निखारे व्हायलाच दीड तास जातो. डिसेंबरात चारला जेवायचं तर दीडला आग पेटवायला हवी, म्हणजे सकाळचं उष्टं निघायच्या आत. रोडगे दुपारच्या जेवणाला उत्तम. संध्याकाळी त्यांच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही भाऊजी हौसेनं "आम्ही भाजतो" म्हणाले तरी. निखाऱ्याजवळ उभे ते राहतात. कणीक, वरण आणि नंतरची राखेची परात कुणाकडे येते ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरा वारसा एका भांड्याचा. वरणफळं, गोळाभात, खिचडी, उकडपेंडी. हे पदार्थ कुठल्या लग्नाच्या पत्रिकेत शोभत नाहीत, म्हणून त्यांचा मान कमी. पण संघाच्या संध्याकाळचं पोट खरं यांनीच भरलं. वरणफळात पोळी आणि वरण एकाच पातेल्यात शिजतं. गोळाभातात हरभऱ्याच्या डाळीचे गोळे भाताबरोबर वाफवतात, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल, सोबत चिंचेचं सार. ताक-दही नाही, म्हणून द्विदलाचा प्रश्नच नाही. हा मुद्दा नव्या सुनांनी लक्षात ठेवावा. न तापवलेलं दही-ताक डाळीच्या पदार्थाबरोबर चालत नाही, म्हणून पंगतीत गोळाभाताशेजारी मठ्ठ्याची वाटी ठेवू नये. उकडपेंडीचं तसं नाही. ती ज्वारीच्या किंवा गव्हाच्या पिठाची, तिच्यासोबत ताक खुशाल द्यावं. कांदा नसला तरी शेंगदाणे, हिरवी मिरची आणि कढीपत्ता घालून ती छान लागते. पीठ कोरडं भाजून घरूनच नेलं तर बंगल्यात वीस मिनिटांत पंचवीस माणसांची उकडपेंडी होते.

पुढं चूल बदलत गेली. स्वीडनमध्ये 1892 साली निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्याकडे आला. धर्मशाळेच्या ओसरीवर त्याचा भुर्रर्र आवाज माझ्या लहानपणी संध्याकाळ झाल्याची खूण होती. सरपण फोडणं गेलं, पण पिन मारणं आणि भडका उडण्याची धास्ती आली. 1955 मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस आला, 1965 मध्ये इंडेन आलं. आपल्या तालुक्यांपर्यंत पोचायला त्याला आणखी बरीच वर्षं लागली. 1959 साली हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही कंपन्यांचे कुकर भारतात निघू लागले. माझ्या मते रात्रिभोजनत्यागाला गेल्या शतकात कुठल्या यंत्राची सर्वांत जास्त मदत झाली असेल तर या कुकरची. नोकरीवरून पाचला परतलेली बाई साडेपाचला वरण-भात वाढू शकते ते त्याच्यामुळे. त्याचं श्रेय आपण कधी देत नाही, म्हणून इथं दिलं.

मग क्षेत्राक्षेत्रांवर भोजनशाळा झाल्या. कूपन घ्या, पाट मांडलेला, दिवसाउजेडी शुद्ध जेवण तयार. काही वडीलधारी म्हणतात की भोजनशाळेनं यात्रेतला त्याग गेला, सगळं आयतं झालं. मी या मताची नाही. त्याग गेला असेल तर कुणाचा गेला ते आधी पाहावं. भोजनशाळा झाल्यावर पहिल्यांदा सासू, सून, नणंद एकाच वेळी डोंगर चढल्या. माझ्या सासूबाईंना ते उशिरा मिळालं, गुडघे गेल्यानंतर.

आणि आता चक्र पुन्हा फिरलं आहे. मुलं-सुना पुणे, हैदराबाद, बंगळूरला. वर्षातून एकदा सगळे एकत्र येतात, तेही क्षेत्रावर नाही, चिखलदऱ्याला किंवा ताडोबाच्या बाजूला भाड्याचा बंगला घेऊन. यात वाईट काही नाही. येताजाता मुक्तागिरी होतंच, परतवाड्याहून ते जवळ आहे. पण बंगल्याबरोबर ती जुनी ओसरीवरची चूल परत आली आणि ती पुन्हा आपल्याकडेच आली. पुरुष मंडळी कॅरम खेळतात आणि तीन बायका परक्या ओट्यावर काडेपेटी शोधतात. आम्ही एकदा घेतलेल्या बंगल्यात ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ म्हणून लिहिलं होतं. प्रत्यक्षात दोन शेगड्या, त्यातली एक बंद, आणि भांड्यांना आधीच्या मंडळींच्या सामिष स्वयंपाकाचा वास. मालकाचं नाव सांगत नाही. तेव्हापासून दोन मोठी पातेली, दहा लिटरचा कुकर, झारा, चिमटा आणि पाणी गाळायचं दुहेरी कापड गाडीत आधी चढतं, बॅगा नंतर. सासूबाईंच्या धर्मशाळेत निदान घागर-परात तरी जैनांचीच मिळायची.

चिखलदऱ्याची आणखी एक गंमत आहे. विदर्भातलं हे एकच थंड हवेचं ठिकाण, आणि तिथं सगळ्यांना बघायचा असतो सूर्यास्त! म्हणजे बाकी जग ज्या वेळी पॉइंटवर जाऊन उभं राहतं, नेमक्या त्याच वेळी आपल्याला ताट वाढायचं असतं. निदान तसं वाटतं. पण आशाधरांचा मुहूर्त लावून बघा. डिसेंबर अखेरीस तिथं सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. 48 मिनिटं मागं या, पाचच्या आत पंगत उठायला हवी. उठली की सूर्यास्ताला पाऊण तास शिल्लक! ताटं घासायला पुरुष मंडळी आणि मोठी मुलं, हे निघण्यापूर्वीच ठरलेलं असावं, म्हणजे सासू, सून, नणंद पॉइंटवर पोचतात. व्रत पाळलं तर सूर्यास्त चुकत नाही. व्रत ढिलं केलं, "साडेपाचला बसू" म्हटलं, की दोन्ही चुकतात.

माझा हिशेब असा असतो. तीनला पाणी गाळून उकळायला ठेवायचं आणि त्याच वेळी डाळ-तांदूळ निवडलेले घरूनच आणलेले. संध्याकाळच्या खिचडीला किंवा गोळाभाताला डाळ-तांदूळ मिळून माणशी 100 ग्रॅम धरावेत, पंचवीस जणांना अडीच किलो. मुलं जास्त असतील तर दोन किलोत भागतं. सव्वातीनला दोन्ही पातेली चढवायची, चारला तेल कडकडवायचं, सव्वाचारला पहिली पंगत. सोबत पापड, चिंचेचं सार आणि घरून आणलेला एक-एक लाडू, एवढंच. चौथा पदार्थ करायचा नाही. कुणी म्हणेल, पाहुण्यांना एवढंच? तर त्यांना सांगावं की सहलीला कुणीच पाहुणं नसतं.

चौथ्या पदार्थावरून घराघरांत वाद होतात हे मला माहीत आहे. मोठ्या जाऊबाईंना वाटतं, नातेवाईक काय म्हणतील. धाकटीला वाटतं, मी एकटीच का राबू. आणि रात्री नऊला कॉलेजातली पोरं बाहेरून काहीतरी मागवायच्या गोष्टी करतात, कारण पाचला जेवलेलं त्यांना पुरत नाही. यावर माझ्याकडे रामबाण नाही. आमच्याकडे एवढंच ठरलं आहे की ज्यांचं व्रत आहे त्यांच्या वेळेला सगळे पंगतीला बसतात. रात्री घरच्या बाईनं कुणासाठीही शेगडी पेटवायची नाही, नातवासाठीसुद्धा नाही. पोरांनी चारऐवजी सहा घास जास्त खायला सुरुवात केली, ती उपदेशानं नाही, गोळाभातावरच्या गरम तेलानं.

गेल्या खेपेला सूर्यास्त बघायला आम्ही अकरा जणी गेलो होतो. धाकट्या सुनेनं येताना विचारलं, "आई, मुक्तागिरीला उद्या दुपारी जायचं का? संध्याकाळचं मी बघते, उकडपेंडीचं पीठ भाजून आणलंय." दुसऱ्या दिवशी आम्ही दोनला डोंगर चढायला लागलो.